दोन इंच खाली

खाटेवरून भानुदास मिस्तरीला अंगणातली आपली मोटारसायकल दिसत होती. पक्षाघातानं त्याची वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती त्याच्या बायकोला, सुलभालाच चालवावी लागत होती; पण तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. शेवटी मोबाइलवर बघत तिनं घरीच शॉकअप बदलून गाडी दोन इंच खाली घेतली.

“अहो, टेकले बघा!” गाडी स्टँडवर लावून ती पूजेचं ताट घेऊन आली.

भानुदासची नजर स्टँडवर गेली. गाडी खाली आली, पण साइड स्टँड तेवढाच राहिला. तो कापायला हवा होता. एरवी डावीकडे कलणारी गाडी ताठ उभी होती, बोट लागलं तरी उजवीकडे कोसळेल अशी. आणि सुलभा उजवीकडेच उकिडवी बसून चाकाला हळदकुंकू लावत होती.

त्यानं डाव्या हातानं चमचा पेल्यावर आपटला. दोनदा, चारदा, दहादा.

“ऐकलं हो!” वळूनही न बघता ती हसली. “पेला वाजला की चहा, ठाऊक आहे मला. एवढा नारळ फोडू द्या.”

आणि उठताना तिनं आधाराला हँडल धरलं.