भुईची ऊब

ठमाबाईची शेगडी साधना नर्सने दवाखान्याच्या दारातच अडवली. आत ऑक्सिजनची टाकी, दारावर ‘हरित इमारत, धूर नको’ अशी पाटी. निखारा आत न्यायचा नाही.

ठमाबाईची नात काल जन्मली, सव्वादोन किलोची. पौषातली सकाळ. लेकीनं पोर छातीशी धरलं होतं, पण लेकीलाच हुडहुडी भरलेली. पोरीचे तळवे गार पडत चालले होते.

"शेक भिंतीतनं येतो म्हणला व्हता ना तुमी?" ठमाबाईनं विचारलं.

साधनानं मान खाली घातली. येतो, पण आज नाही. जमिनीत नऊ फुटांवर नळ्या, वर भुईतली ऊब ओढणारं एकच मशीन, आणि त्याची ऊब पंचायत, वाचनालय, दवाखाना अशी तिन्हींत वाटायची. आज पुण्याचे साहेब बघायला आलेले. सरपंच गोरखभाऊंनी दोन कॉक बंद करून सगळी ऊब पंचायतीच्या हॉलात सोडली आणि कॉकच्या पेटीला कुलूप घातलं. साधना दोनदा सांगून आली होती. साहेब जाईस्तोवर थांबा म्हणाले. साहेबाला ऊब आधी, बाळंतिणीला मग.

त्या नळ्यांचा चर खांदायला ठमाबाई सतरा दिवस होती. थंडीत भुईचं पोट ऊन असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चरात उतरलं की पाय सुखावायचे.

तिनं शेगडी पायरीवर ठेवली, आत जाऊन पोर पदराखाली घेतलं आणि अंगण ओलांडलं. साधना मागून घोंगडी धरत धावली.

हॉलात साहेब रुमालानं मान पुसत होते. दोन्ही खिडक्या सताड उघड्या. तिन्ही इमारतींना सारखी ऊब मिळते, असं गोरखभाऊ कागदावरून वाचत होते.

ठमाबाईनं टेबलावरचे गुच्छ बाजूला सारले आणि भिंतीतल्या ऊन हवेच्या जाळीखाली पोर ठेवलं.

"ठमाबाई, मीटिंग चाललीय."

"चालू द्या की भाऊ. आमी शेकाय आलोय. पोरीच्या आईला बी आणू, का कुलूप काढताय?"

पोरीनं दुपट्यातून एक पाय बाहेर काढला. बोटं हरभऱ्याच्या दाण्याएवढी.

पुण्याच्या साहेबांनी उठून स्वतः खिडकी लावली. मग दुसरी.

गोरखभाऊंनी खिशातून किल्ली काढून ठमाबाईच्या तळहातावर ठेवली. ती ऊन होती.