मल्लय्याचा बिल्ला

“बाबा, या महिन्यात दुसऱ्याच्या नावावर ही चौथी पाळी,” मी वैतागले.

“मल्लय्याच्या पोरीचा साक्षगंध आहे, माय. त्याला रजा नाही भेटली.” शेजारच्या मल्लय्याकाकांचा हजेरीचा पितळी बिल्ला खिशात टाकून बाबा कोळशाच्या खाणीवर गेले.

दुपारी खाणीचं छत कोसळलं. फाटकावर हजेरीबाबूंनी खाली अडकलेल्यांचे बिल्लानंबर वाचले. त्यात मल्लय्याकाकांचा होता, बाबांचा नव्हता. “तुमच्या वडिलांची आज सुट्टी आहे, बाई. घरी जा.” बिल्ल्यांची अदलाबदल झाल्याचं तीनदा सांगूनही त्यांना पटेना.

तेवढ्यात साक्षगंधाचं नवं धोतर नेसलेले मल्लय्याकाका धावत आले. नोकरी जाणार हे ठाऊक असूनही ते म्हणाले, “माझ्या बिल्ल्यावर तो उतरला, साहेब.”

संध्याकाळी बाबांचा देह वर आणला. अंगणात जमलेले सगळे म्हणत होते, देवमाणूस गेला. काकाही रडत तेच म्हणाले, तेव्हा इतकी वर्षं गिळलेलं माझ्या तोंडातून निघालं.

“देवमाणूस नव्हते ते, काका. त्यांना कुणाला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. मलाही होतं.”