पुढच्या सालचा पेरा

पुढच्या सालच्या पेऱ्याचे आकडे घेऊन पाहणीवाली बाई कचेरीत परतली, तेव्हा साहेबांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिले. एका गावाने आपल्या असलेल्या जमिनीहून जास्त जमीन पेरणार, असं लिहून दिलं होतं. बाजारात किती माल आणाल, या रकान्यात सगळ्या घरांचं उत्तर एकच होतं: काही नाही.

लोकांनी तुम्हाला शेंडी लावली, साहेब म्हणाले. ती म्हणाली, एकदा डोळ्यांनी बघा, मग बोला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं तिथे पोचली. शाळेचं मैदान नांगरलेलं होतं. खळीही नांगरलेली. दोन घरांमधले बोळसुद्धा. माती उंबऱ्यांना येऊन टेकली होती आणि माणसं घरातून निघून थेट सरीत पाय ठेवत होती, निजलेल्या पोराजवळून जावं तशी जपून.

एक बाई पायरीशी बसून बी टोकत होती. साहेबांनी विचारलं, चालायला वाट नको का? आणि एवढा माल न्यायला गाडी येणार कुठून?

"गाडी येणार नाही, भाऊ," ती म्हणाली. "पुढच्या साली रस्त्यानं कोणीच येणार नाही."

असं कोणी सांगितलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही अंदाज बांधता, तसा आमचाही एक अंदाज."

तिने मूठभर बी पुढे धरलं. साहेबांनी हात मागे घेतला. पाहणीवालीने मात्र ओंजळ पुढे केली, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी सरीत बसली. साहेबांनी दोनदा हाक मारली. तिने ओ दिली, पण मान वर केली नाही.

ते एकटेच गाडीपाशी आले. मागे ट्रॅक्टर उभा होता, इंजिन बंद. त्यावरचा माणूस किती वेळ थांबला होता, कोण जाणे.

"गाडी तेवढी काढता का, साहेब?" तो अदबीने म्हणाला. "एवढाच तुकडा राहिलाय."

गाडीत बसून दार लावताच साहेबांनी बायकोला फोन केला. घरात धान्य भरून ठेव, म्हणाले.

"किती दिवसांचं?" तिने विचारलं.

त्यांनी गाडी पुढे घेतली. आरशात नांगराचे फाळ कच्च्या रस्त्यात उतरले, आणि ट्रॅक्टर त्यांच्या मागोमाग निघाला, सावकाश, सरळ रेषेत.