चाक कुणाच्या हाती

साहेबांचा फोन वाजला आणि चाकवाले काका ताडकन उभे राहिले.

भरलं सभागृह चिडीचूप झालं. काका असतील तिथे फोन मुका ठेवायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी पाटी लावली नव्हती, पुराच्या वर्षापासून सगळे आपसूक पाळत आले होते. धरणाच्या दरवाजांचं चाक तेव्हा काकांच्या हाती होतं. पाणी चढत होतं आणि राजधानीतून हुकूम येत नव्हता. हुकमाशिवाय चाकाला हात लावायचा नाही, असा कायदा. अखेर फोन आला तेव्हा दरवाजे एकदम उघडण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. काकांनी ते उघडले आणि खालची गल्ली वाहून गेली. तेव्हापासून घंटी कुणाचीही असो, काका उभे राहतात.

साहेब आजच राजधानीहून आलेले. तरुण, सभ्य. त्यांना यातलं काय कळणार? त्यांनी फोन कापला आणि माइक पुढे केला.

"या ना आजोबा, बोला. तुमचं मत ऐकायलाच आलोय आम्ही."

काका भांबावून माइककडे बघत राहिले. शेजारी बसलेल्या शिवणवाल्या मावशींनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून हळूच ओढलं. सदरा मावशींनीच शिवलेला.

"बसा भाऊजी. तुमचा नाही तो फोन."

काका बसले. मावशींची धाकटी लेक त्याच पुरात गेली होती. इतकी वर्षं त्यांनी राजधानीला शिव्यांची लाखोली वाहिली, पण काकांना कधी बोल लावला नाही. हुकूम वरचा, त्यांचा काय दोष, असं त्या दारोदार सांगत आल्या. काका त्या एका वाक्यावर जगत होते आणि खरं सांगायचं तर मावशीही. आज तो कायदाच बदलायचा होता. चाक गावाच्या हाती द्यायचं की नाही, हे गावानंच सांगायचं होतं. मावशींना ते हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं.

न्हाव्यानं माइक मागून घेतला. "साहेब, आज शिव्या द्यायला राजधानी आहे. लांब आहे, तिला ऐकू जात नाही, बरं चाललंय. उद्या चाक आमचं झालं की शिव्या कुणाला द्यायच्या? शेजाऱ्याला? त्याची दाढी मला करायची असते."

हशा पिकला. खालच्या गल्लीतलं कुणी हसलं नाही.

"पण वेळ वाचेल ना," साहेब म्हणाले. "पाणी चढायला लागलं की इथल्या इथे निर्णय. आधी गल्ली रिकामी करा, मग बेताबेतानं सोडा. कुणाला विचारायला नको."

"कुणाला विचारायला नको," काका पुटपुटले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

साहेबांनी हात वर करायला सांगितलं. मावशींचा हात सगळ्यात आधी गेला. मग बघता बघता न्हाव्यासकट सगळ्यांचे गेले, फक्त काकांचे जागचे हलले नाहीत.

"उत्तम!" साहेब खुलले. "आता चाकावर कोण ते सांगा. माणूस गावातलाच हवा. उघडायचं कधी, किती, हे त्यानंच ठरवायचं."

हात कधी खाली आले ते कळलंही नाही. न्हावी चष्मा पुसायला लागला. किराणावाल्याला खोकला आला. मागच्या रांगेत तर चपला शोधायची घाई सुरू झाली. मावशींचा संताप संताप झाला.

"माझं नाव घ्या," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मी नाही कुणाची वाट बघणार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटका झालेल्या माणसांच्या टाळ्या त्या, थांबता थांबेनात. त्या आवाजात काका मावशींकडे झुकले.

"वहिनी, हुकूम वरचा होता म्हणून तुम्ही मला सांभाळलंत."

"होताच की वरचा."

"तुम्हाला काय म्हणून सांभाळायचं?"

मावशी उत्तर द्यायला वळल्या. समोरच्या रांगेत खालच्या गल्लीतली एक सून बसली होती. तिच्या खांद्यावर तिची मुलगी गाढ झोपली होती. तिच्या अंगातल्या एवढ्याशा झबल्याच्या गळ्याला मावशींनीच परवा फीत लावून दिली होती. त्यांची नजर त्या फितीवरून हलेना.

टाळ्या विरल्या. साहेब आभार मानायला माइकजवळ गेले आणि त्यांचा फोन पुन्हा वाजला.

सवयीनं सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. काका खुर्चीत बसूनच होते, हात मांडीवर सैल ठेवून. मग एकेकाची नजर काकांवरून सरकत वर येऊ लागली, तेव्हा मावशींना कळलं की आपण उभ्या आहोत.