वरची रेघ

कागदावरच्या पहिल्या ओळीत चोवीस आकडे होते. चोवीसच्या चोवीस फकरुद्दीनचाचांनी चुकीच्या तारेवर वाजवले.

दत्तप्रसादने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. देवगड बंदरातल्या या वाद्यवृंदाचा तो प्रमुख, आणि गावातल्या पोरांना गिटारही तोच शिकवायचा.

"चाचा, कागद वाचूक येत नाय तर तसा सांगा. वय झाला तुमचा. रविवारी कुणकेश्वराच्या कार्यक्रमाक तुमच्या जागी सुशांत वाजवतलो."

"तू चड्डीत होतस तेव्हापासून लग्नात वाजवतंय," चाचा म्हणाले. "आणि तू माका घराक धाडतलस?"

दत्तप्रसादचा शिष्य सुशांत आपल्या गिटारच्या खुंट्या उगाचच पिळत बसला.

अर्शियाला दोघांचाही राग आला. कागद तिने केला होता. बीएस्सी झाल्यापासून ती या वाद्यवृंदासाठी संगणकावर गिटारचे टॅब तयार करून द्यायची: सहा तारांच्या सहा रेघा, आणि रेघेवर आकडा, म्हणजे ती तार गळ्यावरच्या कितव्या पट्टीत दाबायची. चाचांना बारीक दिसत नाही म्हणून तिने आकडे मोठे केले होते. रेघांमधलं अंतर वाढवलं होतं. आकड्याच्या मागून जाणारी रेघ पुसून टाकली होती. एवढं करून या माणसाने सरावच केला नाही, असं तिला वाटलं.

मग तिने चुका पुन्हा पाहिल्या. सराव नसता तर काही आकडे चुकले असते, काही नशिबाने बरोबर आले असते. इथे पट्टी प्रत्येक वेळी बरोबर होती आणि तार प्रत्येक वेळी चुकीची.

"चाचा, ही सगळ्यात वरची रेघ म्हणजे खंयची तार?"

चाचांनी मान वाकवून मांडीवरच्या गिटारकडे पाहिलं आणि अंगठा जाड तारेवर ठेवला. "ही. वर आसा ती वर. आणि खंय असतली?"

टॅबमध्ये वरची रेघ सगळ्यात बारीक तारेची असते. सहा रेघांना मधली रेघ नसते, त्यामुळे क्रम उलटा धरला की एकही आकडा आपल्या तारेवर पडत नाही.

दत्तप्रसाद हसला. "जगभर बारीक तारच वर लिवतत. चाचांसाठी जग उलटा करूचा काय?"

"जग नको. कागद करूया," अर्शिया म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मांडयेर गिटार घेतल्यार जाडी तारच वर दिसता. त्यांका कोणी विचारूक नाय. मी पण नाय. आणि तुम्ही वय काढतास."

तिने लॅपटॉप उघडला. टॅब कसा दिसावा याच्या सगळ्या खिडक्या तिने याआधी उघडल्या होत्या. एका चौकटीला मात्र कधी हात लावला नव्हता: तारांचा क्रम उलटा. तिथे तिने खूण केली. कोणी ऐकली नसेल अशी नवी ओळ लिहिली, वीस आकड्यांची, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली.

चाचांनी चष्मा पुसला. कागद समोरच्या आंब्याच्या रिकाम्या पेटीला टेकवला आणि सावकाश वाजवला. एकही आकडा चुकला नाही.

सुशांतने गिटार पिशवीत घातली. "रविवारी चाचाच वाजवतले," तो म्हणाला.

"अशी सोय करून दिल्यार कोणय वाजवतलो," दत्तप्रसाद म्हणाला. "त्यात काय मोठा आसा?"

अर्शियाने कागदासकट ती पेटी त्याच्यासमोर सरकवली. वरची रेघ जाड तारेची, हे त्याला दोनदा सांगितलं. चाचांनी आपली गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

दत्तप्रसादने तीच ओळ वाजवली. विसातले तेरा आकडे चुकले.