खुर्चीजवळचं सॉकेट

सॉकेट कपाटामागे, पार जमिनीलगत होतं. मोबाईल लावायला वाकताना आजोबांचा तोल गेला, तेव्हा मुलाने लगोलग वायरमनला बोलावलं. वायरमनने आजोबांना खुर्चीत बसवलं, हात सहज पुढे करायला लावला आणि बोटं टेकली तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. त्याच जागी तीन सॉकेटांचा बोर्ड बसला. आता वाकायला नको की वायरीत पाय अडकायला नको.

आठवड्याभरात आजोबांचा फोन आला, "अहो, जरा येऊन जा. बोर्डाबद्दल बोलायचंय."

बोर्डात काही बिघाड झाला असेल, असं वायरमनला वाटलं. टेस्टर खिशात टाकून तो तडक निघाला.

मागच्या वेळी त्या खोलीत आजोबा आणि पंखा, दोघंच होते. आज पाय ठेवायला जागा नव्हती. मुलाचा लॅपटॉप, सुनेचा मोबाईल आणि नातीचा टॅब बोर्डाला लटकलेले, आणि चार्ज होईपर्यंत तिघंही आजोबांभोवती गप्पा छाटत बसलेली.

"काय करणार," सून हसत म्हणाली, "घरात एवढं सोयीचं सॉकेट दुसरं नाहीच."

आजोबांचा मोबाईल मात्र मांडीवर, अखेरच्या घटका मोजत पडला होता.

वायरमनला सगळा उलगडा झाला. "आजोबा, तुमच्यापुरतं एक वेगळं सॉकेट काढून देतो."

आजोबांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच कानात विचारलं,



"ते राहू द्या हो. चार्जिंग जरा सावकाश होईल, असं काही करता येतं का?"