सहा आकडे

“ताई, हा तिसरा फोन कोणाचा?”

कॉम्प्युटरवाल्याने पडद्यावर बोट टेकवलं. शिवणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या आणि चष्मा सरसावला. खातं जिथून जिथून उघडलं जातं त्या यादीत पहिलं नाव समोरच्या कॉम्प्युटरचं होतं, दुसरं त्यांच्या स्वतःच्या फोनचं. तिसरा फोन होता लांबच्या एका शहरातला. त्या शहराचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.

“तीन वर्षं झाली, दर रविवारी सकाळी हा तुमच्या ईमेलच्या खात्यात शिरतोय. काही पाठवलेलं नाही, काही पुसलेलं नाही. बघतो आणि जातो. पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?”

“मुलीला. तिनेच तर ठेवला होता.”

“आणि तुम्ही तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवलात. म्हणजे मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे.”

शिवणबाई ओशाळल्या. त्याला बोलावलं होतं त्यांनीच. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या कॉम्प्युटरमधून गिऱ्हाइकांची यादी चोरीला गेली होती आणि बायकांना भलभलते फोन येत होते. शिवणबाईंच्या खात्यातही दोनशे जणींची मापं होती, नंबर होते, पत्ते होते, कपडा अंगावर चढवून काढलेले फोटो होते. सगळ्या जणी विश्वासाने देऊन गेल्या होत्या.

पण आता त्यांच्या डोक्यात रविवारची सकाळच घोळायला लागली. रविवारी दुकान बंद. त्या आणि बुटकी मिळून दोन्ही मशिनांना तेल घालायच्या. पोरगी आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव बुटकीच राहिलं होतं. चार वर्षांपूर्वी तिने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, आई, मला हे काम नाही करायचं, मी बाहेर जाते. “गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस,” शिवणबाई भर गिऱ्हाइकांत ओरडल्या होत्या. बुटकी शब्दाची पक्की निघाली. नंबरसुद्धा बदलला तिने.

याच खात्यातून शिवणबाई बहिणीला लांबलचक पत्रं लिहायच्या. गुडघा कुरकुरतोय. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा एका झटक्यात जातो. दुसरं मशीन अजून विकवत नाही.

“तीच असेल,” त्या म्हणाल्या. “राहू द्या तो फोन.”

“असेलही. पण नसली तर?”

कपाटाला लटकवलेले अर्धवट कोट शिवणबाईंनी एकेक करून पाहिले. प्रत्येक कोटाला कागद टाचलेला होता, प्रत्येक कागदावर एकेकीचं नाव.

“काढा,” त्या म्हणाल्या. “कुलूप लावा.”

त्याने तिसरा फोन बाहेर काढला, भिंतीवरचा कागद फाडला आणि त्यांच्याकडूनच नवा, लांब पासवर्ड ठरवून घेतला. कुणी पासवर्ड विसरलो म्हणालं, तर सहा आकडे फक्त त्यांच्या फोनवर येतील, अशीही सोय करून तो गेला.

आठवडाभर शिवणबाईंचं कामात लक्ष लागेना. एका फ्रॉकला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या आणि पुन्हा उसवत बसल्या. तीन वर्षं लेक दर रविवारी घरात येऊन जात होती, त्यांना पत्ता नव्हता. पत्ता लागला त्याच दिवशी त्यांनी तिला दुसऱ्यांदा बाहेर काढलं होतं.

रविवारी सकाळी नऊला फोनवर निरोप उमटला. पासवर्ड बदलण्यासाठीचे सहा आकडे, आणि खाली एक ओळ: हे आकडे कोणालाही सांगू नका.

शिवणबाई फोन दोन्ही हातांत धरून बसल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. म्हणजे दार लोटून पाहिलं आणि आल्या पावली परत फिरली. त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला.

तेवढ्यात तो वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे नुसती रहदारी ऐकू येत होती, आणि कुणाचा तरी श्वास.

“पासवर्ड बदललास?” शेवटी बुटकीने विचारलं.

“हो.”

“बरं केलंस.” पलीकडे एक हॉर्न वाजून गेला. “आई, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत ना? सांगतेस?”

शिवणबाईंनी मनगटाने डोळे पुसले.

“फोनवर कोणाला सांगायचे नाहीत म्हणे,” त्या म्हणाल्या. “घरी ये, आणि तुझं तू वाच.”